देशाचं पूर्ण नाव

पहिला दगड तळमजल्यावरच्या मोबाइलच्या दुकानाच्या शटरवर बसला. दुसऱ्याने जिन्याची काच फुटली. तिसरा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला, तेव्हा मी खुर्चीतून उठले. रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती आणि मी जिन्याखालच्या टेबलाशी बसून आठवड्याच्या कामांची यादी करत होते: टाकी धुणे, दुसऱ्या मजल्याचा नळ, गच्चीचा दरवाजा. आमचे हे कळंबोलीला कामावर गेले होते. मी उठून आधी जाळीचं गेट ओढलं आणि कुलूप घातलं. मग बाहेर पाहिलं.

आमची इमारत गावठाणात आहे. शेतं आणि मिठागरं गेल्यावर गावातल्या सगळ्यांनी जे केलं तेच आम्ही केलं, जुनं घर पाडून मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. पलीकडे टॉवर उभे आहेत, अलीकडे आम्ही एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. गल्ली इतकी अरुंद की पंचवीस-तीस माणसं आली तरी ती भरून जाते. त्या दिवशी त्याहून जास्त होती. हातात क्रिकेटचे स्टंप, प्लास्टिकचे पाइप, एकाच्या हातात सायकलची साखळी. पुढच्या रांगेतला प्रत्येक चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्यातल्या निम्म्यांच्या बारशाला मी गेले होते.

आदल्या संध्याकाळी हमरस्त्यावरच्या बारबाहेर मारामारी झाली होती. एका बाजूला गावातली पोरं, दुसऱ्या बाजूला दोन आफ्रिकन पुरुष. आधी हात कोणी उचलला हे मला आजही माहीत नाही. गावातल्या एकाच्या कपाळावर बाटली फुटली, काच डोळ्यात गेली, तो डोळा राहील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. मारणारे दोघे रिक्षात बसून निघून गेले. ते कुठले, कुठे राहायचे, कोणालाच ठाऊक नव्हतं. मोबाइलच्या ग्रुपवर मात्र सकाळपर्यंत एकच शब्द फिरत होता, नायजेरियन. आमच्याकडे काळ्या माणसाला दुसरा शब्दच नाही. कोणी केनियाचा असो, कोणी सुदानचा, दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला नायजेरियनच म्हणतात. दुपारी मंडळाच्या मैदानावरून घोळका निघाला आणि ज्या घरात असं कोणी भाड्याने राहतं त्या प्रत्येक घरासमोर थांबत आला. आमच्या आधीच्या गल्लीत दोघांना बाहेर ओढून मारलं होतं. त्यांतला एक गटाराच्या कडेला पडलेला मी नंतर पोलिसांच्या गाडीतून पाहिला. त्याच्या पायात एकच चप्पल होती आणि दुसरा पाय उलटा वळलेला होता.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक बहीण-भाऊ राहत. भावाचं वय चाळिशीच्या आत, बहीण तिशीची. भावाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. उपचारासाठी तो इकडे आला होता आणि बहीण आपली एक किडनी त्याला देणार होती. परदेशी माणसांचं असं काही असलं की रुग्णालयाची समिती बसते. त्यांच्या वकिलातीचं पत्र लागतं, हे दोघे खरोखर बहीण-भाऊ आहेत असं त्यात यावं लागतं. ते पत्र आलं होतं, समिती बुधवारी बसणार होती. भाऊ रुग्णालयात दाखल होता, अंगावर सूज, बोलताना धाप. हा बुधवार चुकला तर पुढची बैठक कधी, हे कोणी सांगत नव्हतं, आणि तो किती थांबू शकेल हेही. बहीण रोज त्याच्यासाठी बिनमिठाचं शिजवून डबा न्यायची. त्या रविवारी ती त्याच कामासाठी खोलीत होती. मला ती मम्मा म्हणायची, मी तिला ताई म्हणायचे, आणि आमचं बोलणं बाजारातल्या हिंदीत चालायचं.

त्यांचा देश डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ द काँगो. पूर्ण लिहिते, कारण अर्धं लिहून चालत नाही. एका मोठ्या नदीच्या एका काठाला हा देश, राजधानी किन्शासा. समोरच्या काठाला रिपब्लिक ऑफ द काँगो, राजधानी ब्राझाव्हिल. दोन्ही राजधान्या आमच्या खाडीच्या दोन काठांसारख्या समोरासमोर. सरकारं दोन, वकिलाती दोन, पासपोर्ट दोन. नुसतं काँगो लिहिलं की याद्यांमध्ये बहुधा दुसराच धरला जातो.

हे मला कुठून माहीत, तर मी बरीच वर्षं न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे टायपिस्ट होते. जहाजाने जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक कागदावर देशाचं अधिकृत नाव घालावं लागे. एकदा माझ्या शेजारच्या टायपिस्टने एका काँगोचा माल दुसऱ्या काँगोच्या नावावर टाइप केला. कंटेनर भलत्याच बंदरात उतरला. साहेबांनी टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून त्याच्या तोंडावर फेकलं. ओठ फाटला, एक दात की-बोर्डवर पडला. ऑफिसात कोणी जागचं हललं नाही. साहेब म्हणाले, आता नाही विसरणार. त्याच संध्याकाळी मी पूर्ण नावांची यादी करून टेबलाच्या खणात आतून चिकटवली: युनायटेड रिपब्लिक ऑफ टांझानिया, स्टेट ऑफ कुवेत, किंग्डम ऑफ बहरीन, दोन कोरिया, दोन काँगो. 'द' कुठे लागतो तेही लिहिलं. गाम्बियाला लागतो, केनियाला नाही. पुढे नोकरी सोडली तरी सवय राहिली. भाडेकरू ठेवताना मी पासपोर्ट हातात घेऊन नाव वाचते आणि ते तसंच उतरवून घेते.

पोलिसांकडची ऑनलाइन नोंद मात्र माझ्या हातात नव्हती. परदेशी भाडेकरू आला की ती करावीच लागते, आणि आमच्या गावठाणात ती सगळी एकाच फोनवरून होते, माझ्या धाकट्या दिराच्या. घरमालक त्याला पासपोर्टचा फोटो पाठवतात, तो चहाच्या टपरीवर बसून दहा-दहा नोंदी एकदम उरकतो. त्यालाही ते कौतुकाचं वाटतं, गावालाही सोयीचं. या बहीण-भावाच्या वेळी मी त्याला देशाचं नाव तोंडी सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. तो हसला. "वहिनी, एवढं लांब नाव कोन लिवतंय? आफ्रिका म्हनजे आफ्रिका." मी म्हटलं, पासपोर्टवर आहे तसंच भरा. तो हो म्हणाला. पावती दोनदा मागितली, दोन्ही वेळा देतो म्हणाला.

हाच दीर मंडळाचा अध्यक्ष. घोळक्याच्या पुढे तोच होता.

गेटपाशी येऊन तो हळू आवाजात बोलला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "वहिनी, कुलूप काढा. तुमाला कोन हात लावनार नाय. वरच्या बाईला खाली बोलवा, पोरं दोन शब्द विचारतील, सोडतील."

मी म्हटलं, "भावजी, ती नायजेरियाची नाही, डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ द काँगोची आहे. आणि कालचे दोघे पुरुष होते."

मागून कोणीतरी म्हणालं, काँगो काय आणि नायजेरिया काय, रंग बघ की. दुसरा म्हणाला की लोकशाहीवालं काँगो आहे ना, मग मतदान घेऊ, मारायचं की सोडायचं. त्यावर हशा झाला. त्या हशाने मला जेवढी भीती वाटली तेवढी दगडांनी वाटली नव्हती. हसणारी माणसं थांबत नाहीत.

त्यांनी कुलूप तोडलं नाही. गेटच बिजागरीतून उखडलं. ते माझ्या अंगावर आलं आणि मी टेबलावर पडले, कमरेत उसण भरली. तोवर सात-आठ जण जिना चढले होते. वर दार तुटल्याचा आवाज आला, मग भांडी पडल्याचा, मग तिचा. ती किंचाळत नव्हती. आपल्या भाषेत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला केसांना धरून तीन मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर तिचं अंग कठड्यावर आपटत होतं. ब्लाउजवर गरम भात सांडला होता, त्याची वाफ येत होती.

गल्लीत आणून तिला खाली पाडलं आणि मारायला सुरुवात केली. स्टंप, पाइप, लाथा. माणूस मार खाताना डोकं झाकतो, तोंड झाकतो. तिने डोकं झाकलं नाही. ती गुडघे छातीशी घेऊन कुशीवर वळली आणि दोन्ही कोपरं कमरेच्या दोन बाजूंना घट्ट दाबून ठेवली. वार डोक्यावर पडत होते, कानावर, खांद्यावर. एकाने स्टंप तिच्या कमरेवर घातला तो कोपराखालच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी तिने तो हात तिथून काढला नाही. भुवईतून रक्त येत होतं, ते डोळ्यात जात होतं, तिला पुसायला हात मोकळा नव्हता.

मला तेव्हा कळलं ती काय झाकते आहे. मारणाऱ्यांना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, ही पोटाशी काही लपवते आहे. एकजण ओरडला, हिच्याकडे माल आहे, हात सोडवा. माझा दीर वाकला आणि त्याने तिच्या मोडलेल्या हाताचं मनगट धरून बाजूला ओढलं.

शटर ओढायची लोखंडी सळई दुकानाच्या बाजूला टेकवलेली असते, पुढे आकडा असलेली. ती मी दोन्ही हातांनी घेतली आणि दिराच्या हातावर मारली. पहिला वार चुकला, दंडावर बसला. दुसरा मनगटावर बसला आणि हात लोंबकळला. तो खाली बसला. मी तिसऱ्यांदा सळई उचलली होती, ती खाली आली असती तर डोक्यात आली असती. मला ती खाली आणायची होती, हे खरं आहे.

घोळका थांबला तो यामुळे. मी काही समजावलं म्हणून नव्हे. भावजयीने दिराचा हात मोडला हे गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोघा-चौघांनी दिराला उचललं. कोणीतरी म्हणालं, पोलिसांची गाडी चौकात आली. मग पांगापांग झाली. ज्याच्या हातात साखळी होती तो जाताना माझ्या टेबलाला लाथ मारून गेला.

पोलिसांनी आम्हा दोघींना आधी सरकारी दवाखान्यात नेलं. गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. डॉक्टर भुवईला टाके घालायला लागले तर ती त्यांना थांबवून एकच विचारत होती, "किडनी? किडनी?" त्यांना वाटलं कमरेत दुखतंय. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि आधी सोनोग्राफीला पाठवलं. मग लघवीचा नमुना मागितला. तिचा एक हात मोडलेला, दुसरा सुजलेला, म्हणून बाटली मी धरली. लघवीत रक्त असलं तर आत इजा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी बाटली ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. पिवळी होती, साधी पिवळी. तिला दाखवली. त्यानंतर ती रडली, आणि त्यानंतरच हाताला प्लास्टर घालू दिलं.

प्लास्टर वाळेपर्यंत मी बाकावर बसून तिच्या केसपेपरच्या मागे यादी केली. कोण कोण होते, कोणाच्या हातात काय होतं, कोणाचा वार कुठे बसला. पहिलं नाव दिराचं. एकूण अकरा नावं झाली, सगळी वडिलांच्या नावासकट, कारण मला ती माहीत होती.

संध्याकाळी चौकीवर गेलो. हवालदाराने घटनास्थळीच लिहून घेतलं होतं, नायजेरियन महिला. गाडीत बसण्याआधी तिच्या खोलीतून उचललेला पासपोर्ट मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हे दुरुस्त करा, डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ द काँगो. समोर बसलेले साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी नायजेरियन खोडलं. मग संगणकावर तिची नोंद उघडली आणि पासपोर्ट पुन्हा हातात घेतला.

"मॅडम, देश दोन आहेत ना?" ते म्हणाले. "पासपोर्ट एकाचा आणि तुमच्या घरची नोंद दुसऱ्याची."

दिराने यादीतलं पहिलं दिसलं ते काँगो दाबलं होतं. त्याच्या खालच्या ओळीत दुसरं होतं, ते लांब, म्हणून सोडलं. साहेबांना दोन्ही देश नीट माहीत होते, अडचण त्यामुळेच झाली. ज्याला माहीत नसतं त्याने सोडून दिलं असतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नोंद खरी असेल तर पासपोर्ट खोटा, पासपोर्ट खरा असेल तर नोंद खोटी. यातलं काय ते ठरेपर्यंत बाई इथून हलणार नाही, आणि उद्या तिला परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात पाठवावं लागेल. तिथून वकिलातीला विचारणा होईल. मी विचारलं, कुठल्या वकिलातीला? ते म्हणाले, नोंदीत आहे त्या. म्हणजे नदीपलीकडच्या, ज्यांनी या बाईचं नावही ऐकलेलं नाही. ते कळवणार, ही आमची नाही. मग ही कोणाचीच नाही.

मी बुधवारच्या समितीचं सांगितलं. भावाचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले की ज्या फोनवरून नोंद झाली त्याच फोनवर दुरुस्तीचा ओटीपी येतो. त्या माणसाने आत्ता इथे येऊन चूक दुरुस्त केली आणि तसं लिहून दिलं, तर तुमच्या जबाबदारीवर बाईला आज सोडतो. यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

तो माणूस बाहेरच बसला होता. हाताला प्लास्टर, बरोबर गावातले चौघे, माझ्याविरुद्ध तक्रार द्यायला आलेले. मी बाहेर गेले. चौघे उठून बाजूला झाले. दीर माझ्याकडे बघत नव्हता.

मी सांगितलं काय हवंय ते. त्याने बाजूला झालेल्या चौघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "करतो. पन त्या कागदावर एक पन नाव नको. माझं नको, पोरांचं नको. माझी तक्रार पन नाय देत मग."

मी म्हटलं, "भावजी, तुम्ही तिचा मोडलेला हात ओढलात."

"आनि तुमी माझा मोडलात. फिटलं."

फिटलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग बसू द्या तिला आत. फोन त्याने शर्टाच्या खिशात उलटा ठेवला होता, प्लास्टरच्या हाताखाली. मला वाटलं, तो ओढून घ्यावा, मोडलेल्या हातावर पाय द्यावा आणि घ्यावा. चौकीच्या पायरीवर, पोलिसांसमोर, मी हे मनात पूर्ण करून पाहिलं. पण फोन उघडायला त्याचं बोट लागलं असतं.

मी आत आले. ती भिंतीला टेकून बसली होती, एक डोळा पूर्ण बंद. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि काही न वगळता सगळं सांगितलं, दिराची अट, माझी यादी, अकरा नावं. मी हेही म्हटलं की मी नावं द्यायला तयार आहे, कोर्टात उभी राहायला तयार आहे, गावात राहणं अवघड झालं तरी. तिने केसपेपर मागितला. मागची यादी तिला वाचता येत नव्हती, देवनागरीत होती. तरी तिने ती खालपर्यंत पाहिली.

"ये सब वो लोग?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

तिने कागद माझ्या हातात परत दिला. "मम्मा, इनको छोडो. मेरा देश लिखो. पूरा."

मी तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी रागाने, जणू मीच तिला अडवत होते. ती म्हणाली की बुधवारी तिला त्या टेबलासमोर बसायचं आहे. बाकीचं तिला ऐकायचंही नव्हतं.

दीर आत आला. डाव्या हाताने फोन उघडून त्याने खालची ओळ दाबली. ओटीपी आला. साहेबांच्या संगणकावर नोंद बदलली. त्याने मराठीत लिहून दिलं की देशाचं नाव निवडताना माझ्याकडून चूक झाली. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं, आणि देशाचं इंग्रजी नाव त्याला लिहिता येईना. ते मी एक-एक अक्षर सांगितलं. साहेब ऐकत होते. तेवढा वेळ खोलीत माझाच आवाज होता.

मग माझा जबाब. साहेबांनी तिचं नाव, वय, आणि देश लिहिला, पूर्ण, 'द'सकट. मला दाखवला, मी बरोबर म्हटलं. मग त्यांनी विचारलं, मारणारे कोण होते, ओळखता का? ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी बाहेर बसलेला दीर पाहिला होता, माझ्या साडीवरचं रक्त पाहिलं होतं, आणि मी त्या गावची सून आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी लिहिलं: अनोळखी दहा ते बारा इसम. मग मूळ केसपेपर फाइलला लावायला मागितला. मी म्हटलं, झेरॉक्स देते, मूळ रुग्णालयाला लागेल. समोरच्या दुकानात जाऊन पुढच्या बाजूची प्रत काढली आणि ती दिली.

मी तिला त्या इमारतीत परत नेलं नाही. कामोठ्याला माझी बहीण राहते, तिच्या सोसायटीत नेलं. तिथल्या वॉचमनने विचारलं, नायजेरियन का? बहिणीने त्याला आत घेऊन दम दिला. सोमवारी रुग्णालयात तिच्या भावाने तिचा चेहरा पाहिला आणि डायलिसिसच्या नळ्या ओढून काढायला लागला. त्याला चार जणांनी धरून ठेवलं. तो आपल्या भाषेत जे बोलत होता ते मला कळलं नाही, पण हाताच्या मुठी कळल्या. ती प्लास्टरचा हात त्याच्या छातीवर ठेवून उभी राहिली, तो दमेपर्यंत.

बुधवारी समिती बसली. मला बाहेर थांबायला सांगितलं. ती नंतर म्हणाली की त्यांनी प्लास्टरबद्दल विचारलं, तिने सांगितलं, जिन्यावरून पडले. कोणी जबरदस्ती केली आहे का, असंही विचारलं. तिला आधी कळेना कशाबद्दल विचारतात. किडनी देण्याबद्दल, असं दुभाष्याने सांगितल्यावर ती नाही म्हणाली. वकिलातीचं पत्र, पासपोर्ट, पोलिसांची नोंद, तिन्हींवर एकच देश होता. मंजुरी मिळाली. हात जुळून आल्यावर शस्त्रक्रिया झाली. डावी किडनी घेतली, ज्या बाजूला स्टंप बसला होता तीच. भावाला पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा नर्सने पिशवी तिला दाखवली, आणि तिने मला फोनवर फोटो पाठवला. असा फोटो मला कोणी कधी पाठवला नव्हता. मी तो अजून ठेवला आहे.

दोघे त्यांच्या देशी परत गेले. ज्याचा डोळा फुटला होता त्याला त्या डोळ्याने दिसत नाही. बाटली मारणारे दोघे सापडले नाहीत. शेजारच्या गल्लीतला, गटाराशी पडलेला, तो कुठे गेला हे घरमालकालाही माहीत नाही. त्याची बॅग महिनाभर ओट्यावर होती, मग कोणीतरी नेली. दिराचं मनगट वाकडं जुळलं. घरी आला तर मी पाणी देते, चहा विचारत नाही. ह्यांनी त्यावरून दोन-तीनदा विषय काढला, आता काढत नाहीत.

काही महिन्यांनी चौकीवरून एक हवालदार पत्र घेऊन आला. इमारतीच्या नंबराची पाटी दगडाने फुटली होती, मी ती अजून बसवली नव्हती, म्हणून त्याला घर सापडत नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ द काँगो या देशाच्या महिला नागरिकास झालेल्या मारहाणीबाबत सखोल तपास केला, परंतु आरोपी अनोळखी असून मिळून येत नाहीत, सबब तपास बंद करण्यात येत आहे. देशाचं नाव एकाही अक्षराची चूक न करता लिहिलेलं होतं.

हवालदाराने सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. त्याला घर दाखवायला नाक्यावरून एक पोरगा सोबत आला होता. तो सायकलच्या साखळीवाला होता. मी सही करत असताना तो दारात उभा होता, आणि हवालदाराने त्याचे आभार मानले.